दातांनी जीप ऐकणारे हरीनाना

गुणवंती आणि हरिश्चंद्र पावसे यांची पहिली भेट झाली तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीतली भरती निम्म्यावर थांबली, कड्यावरच्या गणपतीच्या देवळातल्या घंटा कुणी हात न लावता वाजल्या आणि वलांडीवर वाळत टांगलेले बोंबील मान वळवून बघायला लागले. असं गुणवंती सांगते. ती केळशीची मासळीवाली आहे, आणि मासळीवालीच्या पाटीत जसा बर्फ धरलेला असतो तसा तिच्या गोष्टींतही असतो. बर्फ वितळून खाली उरतं ते इतकंच: मे महिन्यातल्या एका सकाळी ती जीप घेऊन हरिश्चंद्रांच्या वाडीत पोचली, तेव्हा बहात्तर वर्षांचे हरिश्चंद्र विहिरीच्या पंपाला हातभर लांब काठी लावून, तिचं दुसरं टोक दातांत धरून, डोळे मिटून उभे होते.

गुणवंतीला वाटलं, म्हातारा पंप खातोय.

तिने हॉर्न दिला. म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत. मग तिने दापोलीच्या बाजारात सुरमई विकायला जो आवाज राखून ठेवला होता तो काढला आणि सांगितलं की नाना, केळशीहून आलोय, आमची जीप आवाज करते.

मागीलदारातून हरिश्चंद्रांची बायको आनंदीबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "ओरडू नको गो बाय," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाय. हर्णैच्या लोकांना मात्र गेलं असेल ऐकू."

शेजारच्या सीटवर बसलेल्या रावजीने, म्हणजे गुणवंतीच्या नवऱ्याने, एक मोठं हसू गिळलं. ते गिळताना त्याचा घसा हललेला गुणवंतीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून ठेवला. जीपचा आवाज शोधून काढायला बायको आपल्याला ठार बहिऱ्या माणसाकडे घेऊन आली आहे, याहून मोठं सुख त्याला लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

गुणवंतीला मात्र हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. जीप अठ्ठावीस वर्षांची होती, सरकारी लिलावातून आलेली आणि लिव्हर ओढला की चारही चाकांना जोर देणारी. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की गुणवंती ती थेट पुळणीवर उतरवायची, पाट्या आणि बर्फ भरायची, वाळूतून फोर व्हीलवर वर यायची आणि दापोलीचा रस्ता धरायची. बाजारात स्वतः बसायची, स्वतः भाव सांगायची, स्वतः भांडायची. वाडीतल्या बाकीच्या बायका मासळी एजंटच्या टेम्पोत टाकायच्या आणि संध्याकाळी तो सांगेल तो भाव ऐकून घ्यायच्या. गुणवंतीने आयुष्यात कुणाचा भाव ऐकून घेतला नव्हता, आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी ती सवय लावून घ्यायचा तिचा विचार नव्हता.

पण फेब्रुवारीपासून जीप बोलायला लागली. आधी नुसतं पोट बिघडलेल्या म्हशीसारखं 'घुं'. मग त्यावर एक 'कट्ट', जणू मागच्या बाकाखाली कुणी म्हातारी अडकित्त्याने सुपारी फोडत बसली आहे. चढावर घुं, खड्ड्यात कट्ट, पुळणीवरून वर येताना घुं-कट्ट, घुं-कट्ट. गुणवंतीने तो आवाज मोबाइलवर घेऊन वाडीच्या ग्रुपवर टाकला. एकाने बेअरिंग सांगितलं, एकाने दृष्ट सांगितली, आणि दुबईतल्या एका भाच्याने जीपच बदलायला सांगितली. दापोलीच्या मेकॅनिकने गिअरबॉक्सचं तेल बदललं. चिपळूणच्या मेकॅनिकने मागच्या चाकांची बेअरिंग बदलली आणि आता गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, जीप महिनाभर ठेवा, असं सांगितलं. दोघांपैकी एकालाही आवाज नीट ऐकायला मिळाला नाही, कारण गॅरेजच्या दारात पोचताच जीप अशी शहाणी व्हायची की ही आळ घेणारी बाईच खोटी वाटावी.

शेवटी एक दिवस मासळीने भरलेली जीप चढावर असताना मागून असा कडाड आवाज झाला की रावजीने चालत्या गाडीतून उडी मारली आणि तो दापोलीच्या दिशेने चालायलाच लागला. त्या संध्याकाळी त्याने निकाल दिला. एक जूनला मासेमारी बंद होते. त्याआधी वाडीच्या अकरा होड्या पुळणीवरून वर ओढून पावसाळ्यासाठी झापांनी शाकारायच्या असतात, आणि ते काम दर वर्षी ही जीप करते. एकतीस मेपर्यंत जीप गप्प झाली तर ठीक. नाहीतर जीप भंगारवाल्याला आणि पुढच्या हंगामात मासळी एजंटच्या टेम्पोत. गुणवंतीने हो म्हणून टाकलं, कारण हो म्हटलं की पुढचा विचार करायला सवड मिळते. हर्णैच्या एका ट्रॉलरवाल्याने तिला आंजर्ल्याचे हरीनाना सांगितले. ते बहिरे आहेत हे सांगायचं तो विसरला.

आठ दिवस उरले होते.

हरिश्चंद्र एकोणिसाव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन बोटीवर गेले आणि एकतीस वर्षं मालवाहू जहाजांच्या पोटात तेलवाल्याचं काम करत राहिले. तीन मजली घराएवढं इंजिन, आणि त्याच्या भोवती तेलाची बुधली घेऊन फिरणारा हा सडपातळ माणूस. अर्धं जग त्यांनी पाहिलं, पण सगळं पाण्याच्या पातळीच्या खालून. सिंगापूर कसं आहे विचारलं तर ते सांगत की गरम आहे आणि भिंतींना ग्रीज लागतं. चाळिशीत त्यांचे कान गेले. इंजिनरूममध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे हातवारे करूनच बोलतात, त्यामुळे सात वर्षं ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही. ती बाहेर फुटली ती सुट्टीत घरी. आनंदीबाई तीन दिवस सलग त्यांना बोल लावत होती आणि हरिश्चंद्र तीन दिवस सलग प्रसन्न होते. बायकोच्या मनात शंका यायला एवढं पुरलं.

काठी त्यांना दाभोळच्या एका जुन्या तेलवाल्याने शिकवली होती. मशिनीला एक टोक लावायचं, दुसरं दातांत धरायचं. कानांना बाहेरचं ऐकू येतं, आतलं हाडांना कळतं. कान गेल्यावर तर हरिश्चंद्रांना आतलंच कळू लागलं, मध्ये लुडबूड करणारं बाहेरचं काही उरलं नाही. पेन्शन घेऊन ते आंजर्ल्याला परतले ते पोफळीच्या खोडाची घासून गुळगुळीत केलेली एक काठी आणि एकतीस दात घेऊन. हे दात ते देवासारखे जपत. ऊस खात नसत, सुपारीला शिवत नसत, खेकड्याची नांगी आनंदीबाईने फोडून दिली तरच खात.

"दात मशिनींसाठी ठेवलेत," आनंदीबाई गुणवंतीला म्हणाली. "माझ्याशी बोलताना नुसत्या हिरड्या."

तिचं आणि त्यांचं बोलणं मनगटावर चालायचं. ती दोन बोटांनी टिचक्या मारायची, ओठ हलवायची, आणि ते खाजगी आवाजात, म्हणजे कमालीच्या मोठ्याने, उत्तर द्यायचे. गुणवंतीची सगळी हकीकत आनंदीबाईने दहा-बारा टिचक्यांत संपवली. गुणवंतीला ते जरा लागलं. एवढ्या दुःखाला निदान पंधरा हव्या होत्या.

हरीनानांनी जीपभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडलं नाही, खाली वाकले नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो गेल्या तीन महिन्यांत कुणीही विचारला नव्हता.

"आवाज मासळी भरलेली असताना येतो, का रिकामी असताना?"

गुणवंतीने आठवून पाहिलं. जाताना यायचा. येताना? येताना ती फोनवर बोलायची, गाणी लावायची, येताना जीप गप्पच असायची. आणि दोन्ही मेकॅनिकांनी नाकाला रुमाल लावून पहिलं काय सांगितलं होतं, तर बाई, आधी मासळी विकून या, गाडी धुवा आणि मग दाखवा. म्हणजे जीप गॅरेजमध्ये गेली ती प्रत्येक वेळी रिकामी. तीन महिने दोन तालुके जी गाडी तपासत होते ती आजारी गाडी नव्हतीच. रावजीच्या चेहऱ्यावरचं सुख एका बाजूने थोडं उतरलं.

ओझं पाहिजे म्हटल्यावर नानांनी वाडीच्या कुंपणाच्या गडग्यासाठी आणून ठेवलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांकडे बोट दाखवलं. पंचवीस चिरे. भरायला मनुष्य एकच होता, आणि तो आवाज सापडणार नाही याची खात्री करून घ्यायला आला होता. रावजीने चिरे भरले, मध्ये गोणपाट घातले. जीप रस्त्यावरून चालवली: घुं-कट्ट. चिरे उतरवले, जीप चालवली: गप्प. पुन्हा भरले: घुं-कट्ट. मग नानांनी जीप किनाऱ्यावर नेऊन फोर व्हीलचा लिव्हर ओढायला सांगितला. वाळूत आवाज तसाच, ना कमी ना जास्त. लिव्हर सोडला, तरी तसाच. नानांनी हात झटकला, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणारी मंडळी निर्दोष सुटली. आता उरला मागचा अर्धा संसार: गिअरबॉक्स, तिथून मागे जाणारा लांब दांडा, आणि मागच्या दोन चाकांमधला गोळा.

एव्हाना रावजीच्या अंगावर जांभ्याची लाल पूड बसून तो होळीहून परतल्यासारखा दिसत होता. त्याने गुणवंतीला विचारलं की हा म्हातारा गाडी बघतोय का आपला गडगा फुकट हलवून घेतोय. गुणवंती नानांकडे बघत होती.

कारण नाना आता जीपमध्ये पालथे पडले होते. जीपच्या बुडाला गंजाने पाडलेली भोकं होती, त्यांतल्या एकातून त्यांनी काठी खाली सोडली, गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवली आणि वरचं टोक दातांत धरलं. गुणवंतीने माणसाच्या चालीने जीप चढावर घेतली. चेहऱ्यावर काहीच नाही. घुं झालं, तशी त्यांच्या भुवईची एक बाजू वर गेली. कट्ट झालं, तशी दुसरी. जीप मागे आणली. मग काठी मागच्या गोळ्यावर, पुन्हा तोच चढ. पुन्हा भुवया तशाच, आधी ही, मग ती. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि बराच वेळ तसेच पालथे राहिले. आनंदीबाईने गुणवंतीला खुणेनेच सांगितलं की आता बोलायचं नाही. बहिऱ्या माणसासमोर तिघंजण श्वास धरून थांबले.

"दोन्ही घरं एकाच वेळी ओरडतायत," नाना शेवटी गाडीच्या बुडाला उद्देशून म्हणाले. "गिअरबॉक्सला जेवढा धक्का, तेवढाच मागं. बेअरिंग गेलं असतं तर एकाच घरात रडारड असती. हे दोघांना मधून कोणतरी ढकलतोय."

मधून म्हणजे तो लांब दांडा. तो एकसंध नसतो, हे गुणवंतीला त्या दिवशी कळलं. त्यात एक नळी दुसरीत सरकते. गाडीवर ओझं आलं, चाक खड्ड्यात गेलं की गिअरबॉक्स आणि मागचा गोळा यांतलं अंतर बदलतं, आणि दांड्याने तेवढं लांब-आखूड व्हायचं असतं. तो सरकायचा थांबला की काठीसारखा ताठ होऊन दोन्हीकडे रेटतो, कण्हतो, आणि फारच जोर आला की झटक्याने सुटतो.

रावजीने चिरे पुन्हा उतरवले आणि नाना गाडीखाली गेले. काठी वर ठेवून गेले, आता तिचं काम नव्हतं. दांड्याच्या त्या जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला. जो भाग सरकतो तो घासून चकचकीत असतो. इथे एक चकचकीत रेघ नव्हती. काळपट, चिकट, कातडीसारखा थर होता, वर वाळू रुतलेली. त्यांनी तो नखाने खरवडला, नाकाशी धरला, आणि गाडीखालूनच रावजीला हाक मारली.

"होडीला माशाचं तेल कधी लावलंस?"

"गेल्या मेमध्ये," रावजी म्हणाला. "दर मेमध्ये लावतो. लाकूड कुजत नाय."

"आणि हिला?"

रावजीच्या आवाजात अभिमानच होता. होडीला लावतो तेव्हा हिलाही लावतो, तो म्हणाला. आठ वर्षं झाली. होडी खाऱ्या पाण्यात जाते, हीही जाते. ती घरातली, तशी ही घरातली. बुडाखाली पडून ब्रशने कोपरा न् कोपरा भरून काढतो, एक जागा कोरडी ठेवत नाही.

आनंदीबाईने हे सगळं नवऱ्याच्या मनगटावर उतरवलं, आणि शेवटच्या वाक्याला तिची बोटं जरा रेंगाळली. माशाचं तेल होडीवर वाळतं, वार्निशासारखं घट्ट होतं, म्हणून तर होडीला लावतात. दांड्याच्या सांध्यातही ते तितक्याच प्रामाणिकपणे वाळलं होतं. जी जीप विकायला रावजी निघाला होता, तिचा सांधा त्यानेच आठ वर्षं मायेने, वरून पुळणीची वाळू भुरभुरवून, बंद करत आणला होता.

रावजी चिऱ्यावर बसला. गुणवंतीला त्याला बोलायला इतकं होतं की कुठून सुरुवात करावी हे कळेना, आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की आपल्याला राग आलेलाच नाही. ती थक्क झाली होती, आणि त्या थक्कपणात रागाला बसायला जागा नव्हती. दोन तालुक्यांना जे तीन महिन्यांत कळलं नाही ते या माणसाने एक प्रश्न, एक काठी आणि नवऱ्याच्या घामावर दुपारच्या जेवणाआधी काढलं होतं. आणि वर जिभेने नव्हे, नाकाने तेलाचं नाव सांगितलं होतं.

दांडा सोडवायच्या आधी नानांनी आनंदीबाईच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला आणि दोन्ही नळ्यांवर समोरासमोर एकेक ठिपका दिला. नळ्या होत्या तशाच समोरासमोर बसल्या पाहिजेत, एक घर चुकलं तर नवा आवाज जन्माला येतो. मग रॉकेल, मग कोमट आच, मग लाकडी हातोडा, आणि रावजी. रावजीने सांगायच्या आत धरलं, सांगायच्या आत ओढलं. तिसऱ्या प्रहरी नळी एकदाची सुटली, आणि तो ती हातात धरून लहान मूल पहिल्यांदा घेतल्यासारखा उभा राहिला. घासून, पुसून, ग्रीज भरून, चुन्याला चुना जुळवून दांडा परत चढला. ब्रशकडे नुसतं बघायचंसुद्धा नाही, असं नानांनी त्याला बजावलं. तो मुकाट्याने पंचवीस चिरे भरायला गेला.

जीप चढावर गेली. आवाज नाही. खड्ड्यात गेली. आवाज नाही. गुणवंतीने खिडकीबाहेर डोकं काढून, रेडिओ बंद करून, श्वास रोखून ऐकलं. मागच्या बाकाखालची म्हातारी अडकित्ता घेऊन निघून गेली होती.

उतरल्यावर तिने नानांना हात जोडले. नानांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं करून काठीचं टोक सदऱ्याला पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"चाव," ते म्हणाले.

गुणवंती मासळी बाजारात कुणाला घाबरत नसे, पण काठी तिने दोन्ही हातांनी धरली. इंजिन चालू होतं. आनंदीबाईने काठीचं दुसरं टोक भोकातून गिअरबॉक्सला लावून दिलं. गुणवंतीने दात मिटले, आणि तिच्या डोक्याच्या आत एक दार उघडलं.

आत अख्खी वस्ती होती. दात दातांत बसत होते, एकाने पुढे व्हायचं आणि दुसऱ्याने जागा द्यायची, हजारदा, न चुकता. तेल वर चढून पुन्हा खाली सांडत होतं, जसं कुणी दूरच्या विहिरीवर घागरी ओताव्यात. खाली कुठेतरी जाड, सावकाश, कुणाची तरी शांत झोप चालली होती. तिने लोखंडाचा ढीग म्हणून जी गाडी बारा वर्षं हाणली होती, लाथाडली होती, जिच्यावर बर्फ आपटला होता, तिच्या आत एवढे जण विनातक्रार राबत होते आणि तिला पत्ता नव्हता. तिला हसू आलं, पण दात सोडले तर ते सगळं जाईल म्हणून तिने हसू आतच ठेवलं. डोळ्यांतून मात्र पाणी आलं.

"एवढं सगळं ऐकू येतं तुम्हाला?" तिने काठी काढून विचारलं. ती ओरडली नव्हती, आणि आनंदीबाईने टिचकीही मारली नव्हती. नानांनी तिचे ओठ वाचले होते.

"एवढंच येतं," ते म्हणाले.

रावजीनेही काठी मागितली. त्याचे पुढचे दोन दात होडीच्या सुकाणूने पाडलेले, तिथे कवळी. त्याला काहीच जाणवलं नाही. पण तो बराच वेळ काठी धरून डोळे मिटून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला की हो, कायतरी हाय. गुणवंतीने ते चालवून घेतलं.

एकतीस मेपर्यंत जीपने केळशीच्या अकराही होड्या पुळणीच्या वर ओढल्या. रावजीने भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. जीप त्यानंतर सतरा महिने चालली. मग एका सोमवारी दापोलीच्या बाजारात उभी असताना तिची चासी गंजून मधोमध मोडली. आता गुणवंतीची मासळी एजंटच्या टेम्पोतून जाते.